शंभर दाणे

प्रशिक्षण तीन दिवसांचं.
हॉलमध्ये पंखे सहा, फिरणारे दोन.
आम्ही बेचाळीस शिक्षक,
प्रत्येकासमोर एक ओलं गोणपाट
आणि पुडीत शंभर दाणे मालदांडीचे.
हत्तुरे सर सांगत होते:
दहाच्या दहा ओळी मांडा,
गुंडाळा, सुतळी बांधा, सावलीत उभं करा,
पाचव्या दिवशी उघडा आणि मोजा.
माझी गुंडाळी सैल झाली,
दाणे घरंगळत एका टोकाला.
"बाई, बियाणं आहे ते," सर म्हणाले,
"अळूवडी नाही."

मीही हसले सगळ्यांबरोबर.
सांगितलं नाही कुणाला
की मी मरवड्याची.
दारापुढं ज्वारीचं काळं रान,
आणि वडील बांधावरूनच परत पाठवायचे:
जा, वही धर, इथं काय ठेवलंय.
वही धरली. डी.एड. झाले.
आता पगार घेऊन
गोणपाट गुंडाळायला शिकतेय.

शाळा विडी घरकुलात.
अंगण सिमेंटचं.
सहावीला विचारलं, ज्वारी कुठून येते?
रेशनमधून.
मार्केट यार्डातून.
व्यंकटेश गड्डम म्हणाला, "भाकरीतून."
हे बरोबर धरायचं की चूक
मार्गदर्शिकेत दिलेलं नव्हतं.

शनिवारी गोणपाट पसरलं.
दहाच्या ओळी कशा, ते मी सांगेपर्यंत
अंबिका कोडमचे दाणे मोजून झाले होते.
ओळी नाहीतच. चार ढीग,
पंचवीस, पंचवीस, पंचवीस, पंचवीस.
ओकटि, रेंडु, मूडु,
ओठांतल्या ओठांत.
विडीची जुडी पंचवीसची असते,
बोटांना तेवढंच पाठ.
मग तिनं गोणपाट वळलं,
कडा अंगठ्यानं आत दाबत,
इतकं घट्ट
की सरांना बोलवावंसं वाटलं.
मी तिच्या हातांकडे बघतेय
हे तिला कळलं,
आणि तिनं हात पाठीमागं घेतले.
"आईला नुसती मदत करते बाई.
शाळा बुडवत नाही."

रविवारी बसण्णा मामांनी पाणी शिंपडलं.
बुधवारी सुतळी सोडली.
गोणपाटाच्या भोकांतून पांढरी मुळं आरपार,
आणि वास,
पेव उघडल्यावर गावभर व्हायचा त्याच्या जवळचा.
पोरं नाक धरून पुढं पुढं सरकत होती.
मोजले. शहाऐंशी.
"आणि हे चौदा?"
मी म्हटलं, हे उगवले नाहीत.
अंबिका म्हणाली, "छाट."

मग तिनंच वर्गाला समजावलं,
म्हणजे खरं तर मला,
वर्गातल्या अर्ध्यांना घरूनच ठाऊक होतं.
कारखान्यात विड्या तपासतात.
फुटकी, बारीक, सैल, ती बाजूला फेकायची.
तिचा पैसा नाही.
पान गेलं, तंबाखू गेला,
आईचं बसणं गेलं.
"बाई, ह्या चौदाचे
कुणाचे कापायचे?"

मी फळ्याकडे वळले.
शेकडा ८६, असं लिहिलं.
गणितातही शेकडेवारीच चालू होती,
तेवढं बरं झालं.

रात्री भावाला फोन केला.
बी मोजून पेरतोस का रे?
तिकडं टीव्हीचा आवाज कमी झाला.
"तुला कधीपासून?" म्हणाला,
आणि मग हळू,
"नाही मोजत. मूठ बघून अंदाज."

शुक्रवारी अहवाल पाठवला.
फोटो दोन. उगवण शहाऐंशी.
निष्पत्तीच्या रकान्यात "साध्य".

सोमवारी प्रार्थनेआधी
अंबिकानं टेबलावर डबी ठेवली,
तंबाखूची, पत्र्याची, आत ओलं फडकं.
ते चौदा तिनं घरी नेले होते
हे मला माहीतही नव्हतं.
तिघांना मोड आलेले, वाकडे, उशिराचे.
अकरा काळे पडलेले,
तेही तिनं टाकले नव्हते.

हजेरीपटाच्या शेवटच्या पानावर
मी पेन्सिलीनं लिहिलं,
एकोणनव्वद.
"पेननं लिहा की बाई,"
ती म्हणाली.